गिअरबॉक्स उतरवण्याआधी

माननीय संपादक,

जुन्या ऑटोमॅटिक गाडीचा गिअर झटक्याने पडू लागला की गिअरबॉक्स खोलावाच लागतो, अशा अर्थाचा सल्ला आपल्या वाहन पुरवणीत वाचला. साठच्या दशकातल्या शेव्हरोले इम्पालाला तरी तो लागू नाही. तिच्या ॲल्युमिनियम केसच्या 'पॉवरग्लाइड' या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे बरेच दोष गाडीखाली झोपूनच निघतात.

आधी एक खुलासा. पॉवरग्लाइडला पुढे जाण्याचे गिअर दोनच, लो आणि हाय. 'तिसरा पडतच नाही' ही तक्रार घेऊन येणाऱ्या मालकाची गाडी ठणठणीत असते.

सुरुवात ऑइलपासून. गाडी चालवून गरम करावी, सपाट जागी हँडब्रेक ओढून, लिव्हर न्यूट्रलमध्ये आणि इंजिन चालू ठेवून डिपस्टिक पाहावी. 'ॲड' ते 'फुल' हे अंतर सुमारे अर्ध्या लिटरचे. कमी ऑइलने गिअर घसरतो हे सगळे जाणतात. पण जास्त झाले तरी आतले गिअर ते घुसळतात, फेस होतो आणि पुन्हा तेच घसरणे. ऑइल डेक्स्रॉन (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या ऑइलचे एक मानक) दर्जाचेच हवे. गळती थांबावी म्हणून त्यात ब्रेक ऑइल ओतण्याची युक्ती काही ठिकाणी चालते. त्याने सील फुगतात, महिनाभर बरे वाटते, मग मऊ पडून फाटतात.

झटक्याचा खरा गुन्हेगार बहुधा व्हॅक्यूम मॉड्युलेटर. गिअरबॉक्सच्या मागच्या बाजूची ही डबी इंजिनात हवा नेणाऱ्या मॅनिफोल्डच्या व्हॅक्यूमवरून इंजिनावरचा भार ओळखते आणि ऑइलचा दाब कमी-जास्त करते. नळीचे रबर तडकले की व्हॅक्यूम पोचत नाही. मग डबीला वाटते ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलाय. दाब चढलेलाच राहतो, गिअर उशिरा आणि धाडकन पडतो. डबीकडच्या टोकाला गेज लावावा. चांगले इंजिन आयडलला मुंबईत 17 ते 20 इंच (पाऱ्याचे) व्हॅक्यूम दाखवते. पुण्यात उंचीमुळे दोनएक इंच कमी येणारच, तेवढ्यावरून इंजिनाला दोष देऊ नये. नळी काढल्यावर आत लाल ऑइल दिसले तर डबीतला पडदा फाटलाय. बाहेर थेंबही न गळता ऑइल कमी होते आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो, तो यामुळेच. पिस्टन रिंगांचा खर्च सांगणाऱ्याला आधी ही नळी काढायला लावावी. डबी आट्यांवर बसते, पातळ पान्याने सुटते. आतला छोटा व्हॉल्व्ह तेवढा हरवू देऊ नये.

गिअर फार लवकर पडत असेल आणि पूर्ण दाबूनही गाडी लोमध्ये उतरत नसेल, तर कार्ब्युरेटरकडून येणारा रॉड पाहावा. एकाने ॲक्सिलरेटर तळाला दाबून धरावा (इंजिन बंद ठेवून), दुसऱ्याने गिअरबॉक्सवरचा लिव्हर शेवटपर्यंत जातो का ते बघावे. कार्ब्युरेटर बदललेल्या गाड्यांत तो हमखास अर्ध्यावर अडकतो.

घसरण्याचे निदान सोपे आहे. रिव्हर्स ठीक पण लो घसरतो: बँड (ड्रमभोवती आवळून लो गिअर धरणारा पट्टा). लो ठीक पण हाय पडताना इंजिन मोकळे पळते: हायचा क्लच. तिन्ही घसरतात: ऑइल, फिल्टर किंवा पंप. ड्राइव्हमध्ये गाडी मरगळल्यासारखी उठते, पण लिव्हर 'एल'वर (लो) टाकताच नीट ओढते: गव्हर्नर, म्हणजे गाडीच्या वेगानुसार गिअर बदलायला लावणारा भाग, चिकटलाय.

बँडचा स्क्रू केसच्या डाव्या बाजूला, टोपीखाली असतो. लिव्हर न्यूट्रलमध्ये ठेवून लॉकनट सैल करावा, इंच-पौंडाच्या टॉर्क पान्याने स्क्रू 70 इंच-पौंडांपर्यंत आवळावा, मग बरोबर चार फेरे उलटा फिरवावा. सहा हजार मैलही न चाललेल्या नव्या बँडला तीन. इथे अंदाजपंचे चालत नाही. स्क्रू तसाच धरून लॉकनट आवळावा, तोही जपून, कारण केस ॲल्युमिनियमची आहे.

गिअरबॉक्स उतरवायचाच तो ऑइल करपून काळपट झाले असेल किंवा स्ट्रॉबेरी मिल्कशेकसारखे दिसत असेल तेव्हा. दुसऱ्या प्रकारात रेडिएटरच्या टाकीतला ऑइल कूलर फुटून पाणी शिरलेले असते आणि क्लच प्लेटांचे अस्तर सुटते. प्लेटा बदलण्याआधी रेडिएटर दुरुस्त करावा आणि कूलरच्या नळ्या धुऊन घ्याव्यात, नाहीतर नव्या प्लेटाही त्याच पाण्यात जातील.

– एक वाचक, पुणे