उसगावच्या पाटेवाल्या मेस्त्रींना

मेस्त्री, सप्रेम नमस्कार.

उन्हाळा सरला, पाऊस लागला आणि आमच्या जीपचा एकही पाटा, म्हणजे चाकांवर गाडीचं वजन पेलणारी स्प्रिंगची पोलादी पट्टी, तुटला नाही. फोनवर हे सांगितलं तेव्हा तुम्ही "बरं झालं" एवढंच म्हणालात. मागे घणाचे घाव चालू होते, तुम्हाला काम होतं, तुम्ही फोन ठेवलात. मला जे बोलायचं होतं ते राहूनच गेलं. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांसमोर. तुमचं नाव घालत नाही, कारण तसं तुम्ही बजावलंय. पण गोव्यातल्या उसगाव-तिस्क पट्ट्यात ज्यांनी कधी ट्रक चालवला असेल, ते ओळखतील.

वाचणाऱ्यांसाठी थोडं मागचं सांगतो. आमचा गाव सत्तरी तालुक्यात, डोंगराच्या कुशीत. २०२३च्या मार्चमध्ये म्हादई अभयारण्यात वणवे पेटले, तेव्हा नौदलाची आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरं पाणी ओतायला आली होती. मोठ्या जंगलासाठी ती आली. पण एखाद्याच्या काजूबागेच्या कडेला गवत पेटलं तर हेलिकॉप्टर येत नाही. वाळपईहून बंब येतो, त्यातली माणसं जीव तोडून काम करतात, पण बंब रस्ता संपतो तिथे थांबतो. पुढे चिऱ्याच्या दगडांची, पावसाने खरवडलेली चढण. म्हणून गावातल्या पोरांनी ठरवलं की पाणी आपणच वर न्यायचं. माझ्याकडे वडिलांची महिंद्रा एमएम ५४० होती, चारही चाकांना ताकद जाणारी, पुढेमागे पाट्यांवर बसलेली. तिच्या मागच्या हौद्यात आम्ही ५०० लिटरची टाकी, पंप आणि पाइप चढवला. ५०० लिटर पाणी म्हणजे ५०० किलो. त्यात पंप, टाकीचा सांगाडा, वर दोन पोरं.

गाडी मागून बसली. पाटे सपाट झाले, प्रत्येक खड्ड्यात ॲक्सल रबरी ठोकळ्यावर आपटायचा. दिवे आभाळाकडे बघू लागले, समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत थेट उजेड. वळणावर स्टिअरिंग हातात हलकं लागायचं, ते मला सगळ्यात भीतीदायक वाटायचं.

मग सुरू झाल्या फेऱ्या. एका शहरातल्या गॅरेजने गाडी बाहेरूनच बघून सांगितलं, "दोन पाटे वाढवतो, काम झालं." वाढवले. रिकामी गाडी दगडासारखी कडक झाली, पाठीचे मणके ढिले झाले, आणि भरलेली तरीही बसायचीच. दुसऱ्या एकाने लांब शॅकल, म्हणजे पाट्याचं टोक गाडीच्या सांगाड्याला जोडणारी कडी, लावून गाडी उंच करून दिली. दिसायला झकास. उंची वाढली, पण वजन पेलायची ताकद तसूभरही वाढली नाही, कारण शॅकल वजन पेलत नाही, ते पाट्यांचं काम. तिसऱ्याने चहा पाजला आणि नवी गाडी घ्यायचा सल्ला दिला. यांतल्या कोणीही मला एक साधा प्रश्न विचारला नाही: "वजन किती टाकणार?" पैसे मात्र पहिल्या दोघांनी आधी मोजून घेतले.

आणि मग त्या रात्री मेन पाटा तुटला. शेजारच्या आजीच्या बागेकडे आग सरकत होती, आम्ही टाकी भरून निघालो होतो, आणि अर्ध्या चढणीवर मागून बंदुकीसारखा आवाज आला. गाडी तिरकी होऊन उभी राहिली. खाली उतरून पाहिलं तर पाटा बरोबर मधोमध, सगळे पाटे एकत्र धरणाऱ्या सेंटर बोल्टच्या भोकावर, दोन तुकडे. पाणी गाडीत होतं आणि आग वर होती. पोरं हिरव्या फांद्या घेऊन धावली, पण तोवर आजीची कोवळी कलमं गेली होती. काजूचं कलम धरायला तीन-चार वर्षं लागतात. आजी काही बोलली नाही. तिने बोलायला हवं होतं, असं मला आजही वाटतं.

तुमच्याकडे मला एका टिप्परच्या ड्रायव्हरने पाठवलं. तुमच्या शेडमध्ये मी तुटलेला पाटा घेऊन आलो, तर तुम्ही तो हातात घेऊन तुटलेली कडा अंगठ्याने चाचपली आणि आधी भोकाकडेच बघितलंत. मग मी कशीबशी ओढत आणलेली गाडी बघून म्हणालात, "रिकामी कित्याक हाडली? उदक भरून हाड." (रिकामी का आणली? पाणी भरून आण.) माझ्या इतक्या फेऱ्यांत भरलेली गाडी बघायला मागणारे तुम्ही पहिले. तात्पुरता पाटा तुम्हीच घालून दिलात आणि मी पाणी भरून आलो.

मग तुम्ही मला जवळच्या वजनकाट्यावर नेलंत. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर, मग फक्त मागची. रिकामी आणि भरलेली, दोन्ही वेळा. आणि तिथे कळलं की टाकी भरल्यावर पुढचं वजन रिकाम्या गाडीपेक्षाही कमी होतंय. टाकी मागच्या ॲक्सलच्याही मागे लोंबत होती, त्यामुळे मागचा भाग दाबला जाऊन पुढचा उचलला जात होता. स्टिअरिंग हलकं का लागायचं, दिवे वर का जायचे, सगळं त्या कागदाच्या चिठ्ठीवर लिहिलेलं होतं.

तुम्ही पाटे वाढवून पैसे घेऊ शकला असता. त्याऐवजी म्हणालात की टाकी ३०० लिटरची करा, पुढच्या सीटला टेकवून बसवा आणि आत आडव्या पत्र्यांच्या भिंती घाला, नाहीतर अर्धी टाकी असताना पाणी हेलकावे खातं आणि वळणावर गाडी ओढतं. नळीने धार सोडण्याऐवजी फवारा मारला तर तेवढंच पाणी दुप्पट वेळ पुरतं, हेही तुम्हीच सुचवलंत. स्वतःचं काम कमी करून देणारा कारागीर मी याआधी पाहिला नव्हता. वर हेही स्पष्ट सांगितलंत की पाटे कितीही जाड घातले तरी आरसी बुकावर लिहिलेलं वजन वाढत नाही, ब्रेकही वाढत नाहीत आणि ॲक्सलही. "पाटो व्हरता म्हूण गाडी व्हरना," म्हणजे पाटा भार नेतो म्हणून गाडी नेत नाही, हे तुमचं वाक्य मी पोरांना ऐकवतो.

कामाच्या तपशिलात फार जात नाही. मूळ पाट्यांपैकी ज्यांचं टेंपर, म्हणजे वाकून परत सरळ व्हायची ताकद, गेलं होतं ते बदललेत, बाकीचे ठेवलेत, आणि खाली एक जाड हेल्पर पाटा थोडी फट ठेवून बसवलात. गाडी रिकामी असताना तो टेकत नाही, म्हणून बसणाऱ्याची हाडं शाबूत. टाकी भरली की वरचे पाटे वाकून त्याच्यावर येतात आणि मग तो भार घेतो. जाडीबद्दल तुम्ही म्हणाला होतात की नुसत्या एका मिलिमीटरने खूप फरक पडतो. घरी येऊन मी हिशेब केला. पाट्याचा कडकपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे ६ मिलिमीटरच्या जागी ७ घातला तर तो दीडपटीहूनही जास्त कडक. शहरातल्या गॅरेजने दोन पाटे कोंबले तेव्हा हा हिशेब कोणाच्या डोक्यात होता? तुम्ही शाळेत घन शिकलात की नाही मला माहीत नाही, पण तुमच्या हाताला तो पाठ आहे.

हे सगळं मोलाचं. पण मी हे पत्र लिहितोय ते तुम्ही नंतर केलेल्या एका फोनसाठी.

गाडी घेऊन गेल्यानंतर, काम संपलेलं, पैसे दिलेले, आपला संबंध संपलेला असं मी धरून चाललो होतो. एका संध्याकाळी माझा फोन वाजला. अनोळखी नंबर. "कोण रे, टाकीवालो? यू-बोल्ट आवळून घेतलेस?" मी म्हटलं, आवळलेलेच आहेत की, तुम्हीच आवळलेत. तर तुम्ही सांगितलंत की यू-बोल्ट पाट्यांना ॲक्सलशी आवळून धरतात, नवे पाटे एकमेकांवर बसायला वेळ लागतो, गाडी थोडी चालली की यू-बोल्ट सैल पडतातच. गाडी जमिनीवर उभी असताना, तिचं वजन चाकांवर असताना, तिरप्या क्रमाने एकेक करून पुन्हा आवळायचे. सैल राहिले की पाटा मधे हलतो, आणि मधे भोक असतं, तीच त्याची सगळ्यात कमजोर जागा. तिथेच तुटतो.

मी पाना घेऊन खाली शिरलो. नट सहज फिरला. त्या रात्री चढणीवर काय झालं होतं ते मला त्या क्षणी कळलं. आधीच्या गॅरेजने पाटे घातले, आवळले, पैसे घेतले आणि विसरले. एक वाक्य सांगायचं होतं त्यांना, फक्त एक. ते सांगायला काही खर्च नव्हता. तुम्ही ते सांगायला स्वतःहून फोन केलात, संध्याकाळी, शेड बंद करताना, एका अशा माणसाला ज्याच्याकडून तुम्हाला आणखी काही मिळणार नव्हतं. मी त्या रात्री जेवायला बसलो तेव्हा बायकोने विचारलं, डोळे का असे? मला उत्तर देता आलं नाही.

तुमच्या शेडबाहेर गंजलेल्या पाट्यांचा जो ढीग आहे तो बघून मी विचारलं होतं, हे कुठले? तुम्ही म्हणालात, खाणीच्या गाड्यांचे. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, पुन्हा सुरू झाल्या, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर पुन्हा थांबल्या, आणि त्या पट्ट्यातली कितीतरी शेडं बंद झाली. तुमच्याजवळचे कारागीर दुसऱ्या कामाला गेले. खनिजाने भरलेले टिप्पर वर्षानुवर्षं पाट्यांवर उभे केलेला माणूस एका जुन्या जीपच्या पाण्याच्या टाकीसाठी इतका वेळ देतो, ही गोष्ट आम्हा गावच्या लोकांनी लक्षात ठेवायला हवी. खाणीतून पैसा कुणाकुणाकडे गेला हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण ही जी नीट काम करायची सवय त्या रस्त्यांवर तयार झाली, ती तुमच्यासारख्यांकडे राहिली. गोव्यात चांगुलपणा हरवला म्हणणाऱ्यांना मी आता उसगावचा पत्ता देतो. काम झाल्यावरही ज्याला त्याची काळजी वाटते अशी माणसं अजून आहेत, आणि ती बहुधा पाटी न लावलेल्या शेडमध्येच सापडतात.

यंदा एप्रिलमध्ये आजीच्या बागेच्या वरच्या अंगाला पुन्हा गवत पेटलं. गाडी भरून निघाली, तीच चढण, तेच दगड, आणि ती वर पोचली. दिवे रस्त्यावर होते, स्टिअरिंग हातात होतं. पोरांनी फवारा मारून आग कडेलाच रोखली. नव्याने लावलेली कलमं वाचली.

गणेश चवथीच्या आधी मी येतोय. पुढच्या शॅकलचे बुश बदलायला तुम्ही सांगितलं होतं, ते काम तेव्हा करू. येताना आजीने तुमच्यासाठी भाजलेल्या काजूगरांचा डबा दिलाय. पैसे कमी घ्यायचा तुमचा हट्ट माझ्यापुढे चालतो, पण तिचा डबा परत पाठवून बघा, मग ती स्वतः गाडीत बसून तुमच्या शेडवर येईल.

तुमचा,
सत्तरीतला टाकीवाला