‘कधी मोजलंत?’ असं विचारणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार.

सहा वर्षांपूर्वी माझ्या पहिल्या मूल्यमापन अहवालाच्या मसुद्यावर तुम्ही पेन्सिलीने दोनच शब्द लिहिले होते : ‘कधी मोजलंत?’ मला रागच आला. अठरा महिन्यांनी मोजलं, हे पहिल्याच पानावर होतं. मॅडमनी मसुदा वाचलाच नाही, असं मी मैत्रिणीजवळ बोलूनही दाखवलं. तेव्हा आभाराआधी ही कबुली, आणि तीही चारचौघांत.

योजना पूर्वप्राथमिक शिक्षणाची होती. मुलांचे गुण आधी वाढले, मग फरक पुसला गेला, सबब योजना निष्फळ, असं मी लिहून मोकळी झाले होते. तुम्ही वाद घातला नाहीत, पेरी प्रीस्कूलचा प्रयोग वाचायला दिलात. मिशिगनमध्ये १९६२ ते १९६७ या काळात गरीब घरांतली १२३ मुलं त्यात होती. काहींना बालशाळा मिळाली, काहींना नाही. बुद्ध्यंकातली आघाडी शाळेच्या पहिल्या काही वर्षांतच विरली. संशोधक तिथेच थांबले असते तर माझाच अहवाल तयार झाला असता. पण त्यांनी त्या मुलांना चाळिशीपर्यंत गाठलं, तेव्हा बालशाळेत गेलेल्यांची कमाई जास्त आणि अटका कमी निघाल्या. मग तुम्ही विचारलंत, “अठरा महिनेच का?” कारण तेवढ्यात आमचा करार संपत होता! मुलांच्या वाढीशी त्या आकड्याचा काहीएक संबंध नव्हता. पुढाऱ्यांना निवडणुकीपलीकडचं दिसत नाही म्हणून नाकं मुरडणारे आम्ही विश्लेषक, आणि आमचं क्षितिज निधीच्या तारखेपाशी संपत होतं.

मी लगेच दुसरं टोक गाठलं : म्हणजे नेहमी लांबवर मोजायचं. त्यावर तुम्ही स्वीडन पुढे केलंत. ३ सप्टेंबर १९६७ रोजी तिथली वाहतूक डावीकडून उजवीकडे गेली. सगळेच बिचकून गाडी चालवू लागले आणि अपघात घटले. दोनेक वर्षांत आकडे पूर्वपदावर. फक्त लांबवर मोजलं असतं तर ही घट दिसलीच नसती, आणि फक्त लगेच मोजलं असतं तर ती कायमची वाटली असती. नुसतं थांबून भागत नाही. परिणाम कोणत्या वाटेने, किती दमाने चालत येणार ते आधी लिहायचं आणि मग मोजणीची तारीख ठरवायची, हे तेव्हा कुठे डोक्यात शिरलं.

डिस्काउंट रेटची, म्हणजे पुढचा नफा-तोटा आजच्या हिशेबात दर वर्षामागे किती टक्क्यांनी कमी धरायचा त्या दराची, धास्तीही तुम्हीच घालवलीत. शंभर वर्षांनंतरचं १००० रुपयांचं नुकसान आज केवढं धरायचं? दर १.४ टक्के घेतला तर साधारण २४९, पाच टक्के घेतला तर आठसुद्धा नाही. हवामानबदलावरच्या २००६ च्या स्टर्न अहवालात दर १.४ टक्क्यांच्या आसपास होता, आणि अर्थतज्ज्ञ विल्यम नॉर्डहाउस यांनी नेमकं त्यावरच बोट ठेवलं. पुढचं सुख निव्वळ पुढचं आहे म्हणून कमी लेखणं नीतीला धरून नाही, असं ब्रिटिश गणितज्ञ फ्रँक रॅम्झी १९२८ मध्येच सांगून गेले होते. तुम्ही आम्हाला कुणाचीच बाजू घेऊ दिली नाहीत. दर बदलून तेच कोष्टक तीनदा हाताने करायला लावलंत. संगणक समोर असताना हा छळ वाटायचा, आणि खरं सांगायचं तर तिसरी खेप अजूनही अनावश्यक वाटते. पण तळटीपेतला एक आकडा बदलला की न जन्मलेल्या पिढ्या हिशेबातून जवळजवळ नाहीशा होतात, हे त्या कंटाळ्यातूनच कळलं.

‘म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो’ ही म्हण तुम्ही तात्पुरत्या तरतुदींना लावायचात. ब्रिटनमध्ये रॉबर्ट पील यांनी १८४२ मध्ये प्राप्तिकर पुन्हा आणला तो तीन वर्षांपुरता. तो अजून आहे, आणि कागदोपत्री आजही दर वर्षी नव्याने मंजूर व्हावा लागतो. मसुद्यात ‘तात्पुरते’ हा शब्द दिसला की मी आता समासात ‘कधीपर्यंत?’ लिहिते. माझ्या हाताखालच्या मुलांनाही राग येतो.

एक राहिलंच. मी निष्फळ ठरवलेल्या त्या योजनेतल्या मुलांची पुढची मोजणी यंदा होते आहे. ते काम मी मागून घेतलं आहे. या खेपेला तारीख का निवडली, हे निष्कर्षाच्या आधी दीड पानात लिहिलंय. मसुदा पुढच्या महिन्यात पाठवते. पेन्सिल तासून ठेवा.

तुमची विद्यार्थिनी