'बाबांना सांग' म्हणणाऱ्या घरांचं काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला पालकत्वावरचा लेख वाचला आणि राहवलं नाही म्हणून लिहिते आहे. 'मुलांसमोर कधीही भांडू नका' हे वाक्य त्यात तीनदा आलं आहे. माझे आईवडील माझ्यासमोर एकदाही भांडले नाहीत. ते बोलणंच बंद करायचे.

'आईला सांग, मला उशीर होईल.' 'बाबांना सांग, किल्ली घेऊन जा म्हणावं.' दोघं लागून असलेल्या खोल्यांत आणि मधल्या दारात मी, आठ वर्षांची. निरोप पोचवताना मी पदरचा एखादा 'गं', एखादा 'हं' घालायचे, तेवढाच तो मऊ लागावा म्हणून. येणारेजाणारे म्हणायचे, किती शांत घर!

मरे बोवेन या मानसोपचारतज्ज्ञांनी याला 'त्रिकोण' म्हटलं आहे. दोघांतला ताण सोसेनासा झाला की तिसऱ्याला मध्ये ओढलं जातं, आणि घरात तिसरं कोण, तर मूल. हे चाळिशीत वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले.

मार्क कमिंग्ज या मानसशास्त्रज्ञांनी मुलांना मोठ्यांचे वाद दाखवून प्रयोग केले. वाद मिटलेला दिसला की मुलांची घालमेल बरीच कमी व्हायची. न बोलता दाखवलेला राग मात्र त्यांना बरोबर कळायचा आणि बोचायचा. जोडप्यांच्या नात्याचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांना तर जोडप्यांचे ६९ टक्के मतभेद कायमचे, न सुटणारे आढळले. मग 'भांडू नका' हा सल्ला पाळायचा कसा? तोंड मिटूनच ना?

आणखी एक. लेखासोबतच्या चौकटीतले दहाही प्रश्न 'आई म्हणून तुम्ही' असे सुरू होतात. मानसशास्त्रज्ञ डायना बॉमरिंड यांची, शिस्त आणि माया यांवरून पालकांचे प्रकार पाडणारी वर्गवारी १९६०च्या दशकातली; ती पालक मुलाशी कसे वागतात एवढंच पाहते. त्यानंतर जे बेल्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९८४ साली मांडलं की पालकत्व आईबापाच्या स्वभावावर, मुलाच्या स्वभावावर आणि नवराबायकोच्या नात्यासारख्या भोवतालच्या आधारावरही उभं असतं. त्या नात्याबद्दल तुमच्या चौकटीत एक प्रश्न नाही, आणि वडिलांना तर जागाच नाही. याचा मला खरोखर राग आला.

लेखाचा दुसरा भाग पुढच्या आठवड्यात आहे, असं छापलं आहे. भांडण मुलाला कळेल असं मिटवायचं कसं, हे कृपया त्यात लिहा. आणि प्रश्नावली दोघांसाठी छापा.

आपली,
एक नियमित वाचक