मंडईतल्या मावशींचे जाहीर आभार

ती. मावशी,
सा. न. वि. वि.

पुण्यात शिकायला आलेली जी परदेशी मुलं आम्ही महात्मा फुले मंडईत तुमच्या गाळ्यावर पाठवतो, ती आता आपापली भाजी आणतात. आम्ही त्यांना घासाघीस शिकवत होतो. तुम्ही पाव किलोचा भाव शिकवलात. ‘भेंडी वीस’ म्हटलं की नवख्याला तो किलोचा भाव वाटतो. किलोभर तोलल्यावर ऐंशी मागितले की चेहरा पडतो. तुम्ही काट्यावरचा २५० चा आकडा दाखवता, मग चार बोटं. दीडशे-अडीचशे तर सरळ कॅल्क्युलेटरवरच. भेंडीचा शेंडा मोडायचा तो एकाच भेंडीचा, सगळा ढीग मोडत बसायचं नाही, हेही तुम्हीच सांगितलंत. (ते पुणेकरांनाही कुणीतरी सांगायला हवं.)

पण मुख्य आभार सुरणाबद्दल. नायजेरिया, घानाकडची मुलं ‘याम’ शोधत येतात आणि दुकानात सुरणावरही यामचीच चिठ्ठी असते. त्यांचा याम वेगळ्याच कुळातला, वेलीचा कंद. सुरणात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. म्हणून सोलताना हात खाजतात आणि कच्चट राहिला तर घसा धरतो. तुम्ही सुरण देण्याआधी ‘काय करणार?’ विचारता. हाताला तेल लावा, साल जाड काढा, फोडी आमसुलाच्या किंवा चिंचेच्या पाण्यात ठेवा, ते पाणी फेकून पूर्ण मऊ शिजवा, आणि पहिल्यांदा पावच न्या, असं बजावता. जास्त खपवायची संधी असताना ‘पावच न्या’ म्हणणारा विक्रेता विरळा.

त्यांच्या यामचा खरा भाऊबंद म्हणजे आपलं कोनफळ, हे तुम्ही दाखवलंत. जांभळा रंग बघून मुलं आधी बिचकतात. त्यात पाणी जास्त, त्यामुळे त्यांच्या पद्धतीनं उकडून कुटलं तर गोळा घट्ट बांधत नाही, सैल राहतो. काप करून तळले की तक्रार उरत नाही.

बाकी किरकोळ: प्लॅस्टिकची पिशवी मागू नये, इथलं बँक खातं उघडेपर्यंत दहा-वीसच्या नोटा जवळ ठेवाव्यात, कांदे-बटाटे तळाशी आणि टोमॅटो वर. एवढं आता आम्हीच सांगून पाठवतो, तुमचा सकाळचा वेळ मोडायला नको.

एक विनंती. थंडीत कोनफळ आलं की निरोप द्या आणि दोन किलो बाजूला ठेवा. फार मोठे कंद नकोत, मुलांकडे चाकू लहान असतात.

आपले,
मुलांना मंडईत धाडणारे आम्ही शेजारी