रूम टेम्परेचर म्हणजे कुणाच्या रूमचं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत परदेशातल्या मराठी लोकांच्या छंदांवर जो लेख आला त्यात घरी बिअर बनवण्याबद्दलही थोडं होतं, वाचून बरं वाटलं कारण मी ह्यूस्टनला राहतो आणि हा उद्योग मीही करतो. हॉप्स (कडवटपणासाठी घालायची फुलं) कुठले, मॉल्ट (मोड आणून वाळवलेलं सातू) कुठलं, बाटल्या कशा धुवायच्या सगळं नीट दिलंय, फक्त फर्मेंटेशनचा म्हणजे आंबवण्याचा विषय रूम टेम्परेचरला ठेवायचं एवढ्यावर उरकलाय. अहो पण रूम कुणाची? आमच्या गराजमध्ये ऑगस्टमधे दुपारी पारा ३६ च्या वर असतो, आणि बिअर चांगली होणार की नेलपॉलिश रिमूव्हरसारखी वास मारणार हे बहुतेक तिथेच ठरतं. म्हणून हे पत्र, जरा लांबलंय.

आधी एक गोष्ट, कारण हे वाचून कोणी पुण्यात बिअर आंबवायला बादली धुवायला काढू नये. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली लायसन्सशिवाय दारू बनवणं गुन्हा आहे, घरी स्वतःपुरती बनवली म्हणून सूट नाही. अमेरिकेतही ही मोकळीक फार जुनी नाही बरं का, राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी १९७८ मध्ये कायद्यावर सही केली आणि फेब्रुवारी १९७९ पासून घरची बिअर करमुक्त झाली, वर्षाला एका प्रौढ माणसाला १०० गॅलन (साधारण ३८० लिटर), घरात दोन किंवा जास्त प्रौढ असतील तर २००, आणि विकायची नाही. तरी राज्याराज्यांचे कायदे वेगळे होतेच, अलाबामा आणि मिसिसिपी या राज्यांत परवानगी मिळायला २०१३ उजाडलं.

आता मुद्द्यावर येतो. बिअर आपण बनवत नाही, यीस्ट बनवतं, आपण फक्त त्याला गोड पाणी आणि राहायला जागा देतो. बिअरच्या दोन मुख्य जाती, एल आणि लागर; एलच्या यीस्टला साधारण १८ ते २२ डिग्री सेल्सिअस मानवतं आणि लागरच्या यीस्टला ८ ते १३. त्याच्या वर गेलं की ते मरत नाही, उलट जोरात कामाला लागतं आणि तिथेच गडबड होते, एस्टर नावाची वासाची रसायनं वाढतात म्हणजे केळ्याचा वास येतो (काही जर्मन गव्हाच्या बिअरमध्ये तो मुद्दाम हवा असतो, पण सगळ्यात नाही), आणि फ्यूजल अल्कोहोल नावाची जास्त जड अल्कोहोलं तयार होतात जी घशाला जाळतात. शिवाय आंबताना स्वतःची उष्णता निघते ती वेगळीच. बाहेर २२ असलं तरी बादलीच्या आत पहिल्या दोनतीन दिवसात २५-२६ सहज असतं, त्यामुळे भिंतीवरचं थर्मामीटर बघून समाधान मानण्यात काही अर्थ नाही.

हे जर्मन लोकांना शेकडो वर्षांपूर्वी कळलं होतं, यीस्ट नावाचा जीव असतो हे माहीत नसताना सुद्धा. बव्हेरियात १५५३ मध्ये हुकूमच निघाला की बिअर फक्त २९ सप्टेंबर ते २३ एप्रिल या काळातच बनवायची, उन्हाळ्यात नाही. मग उन्हाळ्यासाठी केलेली बिअर तळघरात बर्फ भरून ठेवायची आणि तळघरावर सावलीसाठी चेस्टनटची झाडं लावायची, म्युनिकच्या बिअर गार्डनमध्ये आज लोक ज्या झाडांखाली बसतात ती परंपरा तिथली. पुढे १८७० च्या दशकात कार्ल फॉन लिंडे या जर्मन इंजिनिअरनी कूलिंग मशीन बनवलं तेव्हा पैसे आणि जागा द्यायला म्युनिकची श्पाटन ब्रुअरी पुढे आली. म्हणजे तुमच्या घरातल्या फ्रीजच्या खानदानात बिअर आहे, हे घरात कोणाला पटवून द्यायचं असेल तर उपयोगी पडतं.

तर आता बादली थंड ठेवायचा खोका. इथल्या होमब्रू म्हणजे घरी बिअर बनवणाऱ्या मंडळींमध्ये एक जुना प्लॅन चालत आलाय आणि तो इतका सोपा आहे की सुतारकाम न येणारा माणूसही एका सुटीत करू शकतो. हार्डवेअरच्या दुकानात घराच्या भिंतीत घालायचे फोमचे ८ फूट बाय ४ फुटांचे शीट मिळतात, थर्माकोलच्याच जातीचे पण जास्त घट्ट, २ इंच जाडीचे दोन आणायचे. त्यातून साधारण ३ फूट लांब, २ फूट रुंद, अडीच फूट उंच असा झाकणाचा खोका होतो आणि आत एक आडपडदा, एका बाजूला फर्मेंटर म्हणजे आपली २०-२२ लिटरची बादली आणि दुसऱ्या बाजूला कोल्ड्रिंकच्या २ लिटरच्या बाटल्यांमध्ये गोठवलेलं पाणी. पडद्याला खाली एक भोक, तिथे कॉम्प्युटरचा १२ व्होल्टचा छोटा फॅन, वर हवा परत यायला फट. थर्मोस्टॅटने बादली गरम झाली म्हटलं की फॅन चालू, थंड झाली की बंद, बास. चिकटवताना सॉल्व्हंटवाला गोंद अजिबात वापरू नका, फोम डोळ्यासमोर विरघळतो, फोमसाठी वेगळा मिळतो तो घ्या आणि सांध्यांवर फॉइलची टेप. आणि फॅन बंद असताना सुद्धा थंड हवा जड असल्याने खालच्या भोकातून झिरपत राहते, म्हणून भोकावर प्लास्टिकचा हलका तुकडा लोंबता ठेवायचा, फॅन फुंकला की उघडतो नाहीतर मिटतो.

किती बर्फ लागेल हे लोक अंदाजाने सांगतात, पण हिशोब कागदावर होतो. २० लिटरच्या बॅचमध्ये यीस्ट साधारण दीड किलो साखर खातं आणि त्यातून निघालेली सगळी उष्णता उचलायला मिळून तीनेक किलो बर्फ पुरतो, म्हणजे ती बाब किरकोळ आहे. खरा खर्च भिंतीतून आत येणाऱ्या उष्णतेचा. वरच्या मापाच्या खोक्यात १९ डिग्री ठेवायचे आणि बाहेर गराजचे ३६, तर दिवसाला साडेआठ नऊ किलो बर्फ जातो, म्हणजे रोज पाच बाटल्या बदलत बसा. तोच खोका घरात एसीच्या २५ डिग्रीत आणला की तीन किलोवर काम भागतं, दोन बाटल्या. त्यामुळे जाड फोमवर पैसे घालण्याआधी खोका घरात आणायची परवानगी मिळवा, तो जास्त अवघड भाग आहे, आमच्याकडे फ्रीझरमध्ये मटार विरुद्ध बाटल्या हा वाद अजून चालू आहे.

थर्मोस्टॅटचा सेन्सर हवेत लटकवू नका हे मात्र आवर्जून सांगतो. हवा पटकन थंड होते, २० लिटर द्रव सावकाश, त्यामुळे हवेचं तापमान बघितलं तर फॅन सारखा चालूबंद होत राहतो आणि बादलीत काय चाललंय ते कळतच नाही. सेन्सर बादलीच्या बाहेरून, आतल्या द्रवाच्या पातळीखाली टेपने चिकटवायचा आणि त्यावर फोमचा किंवा बबल रॅपचा तुकडा. एवढं केलं तरी आतलं तापमान बऱ्यापैकी खरं मिळतं.

काहीजण ओला टीशर्ट बादलीला घालून समोर टेबलफॅन लावतात. ते ॲरिझोनात मस्त चालतं, ह्यूस्टनच्या दमट हवेत जवळजवळ काही नाही, हे आपल्या लोकांना समजवायला नको, नागपूरला कूलर चालतो आणि तोच मुंबईत नुसता दमट वारा मारतो. भारतात पुसाच्या कृषी संशोधन संस्थेने विटा आणि ओल्या वाळूचा जो शून्य ऊर्जा शीतकक्ष काढला तोही याच तत्त्वावर, कोरड्या उन्हाळ्यात भाजीला उत्तम.

पैसे असतील तर सरळ जुना चेस्ट फ्रीझर (वरून झाकण उघडणारा) आणि बाहेरून लावायचा तापमानाचा कंट्रोलर घ्या, बर्फाची कटकट संपते आणि लागरही करता येतं जे बर्फाच्या खोक्यात खरंच जिकिरीचं आहे. फक्त कॉम्प्रेसर बंद होऊन लगेच चालू होऊ नये म्हणून कंट्रोलरमध्ये तीनेक मिनिटांचा डिले ठेवा, फ्रीझरच्या भिंतीत कुठेही ड्रिल मारू नका कारण आत गॅसच्या नळ्या असतात, आणि झाकण उघडून लगेच डोकं आत घालू नका, कार्बन डायऑक्साइड जड असतो आणि तळाशी साठलेला असतो. श्वास घेतला की नाकात झिणझिण्या येतात, मजा नाही ती.

आणि ज्याला यातलं काहीच करायचं नसेल त्याच्यासाठी नॉर्वेच्या शेतकऱ्यांनी सांभाळलेलं क्वेक नावाचं यीस्ट आहे, ते ३५ डिग्रीच्या पुढे सुद्धा आनंदाने काम करतं आणि संत्र्यासारखा छान वास येतो. चव त्याची त्याची असते, प्रत्येक बिअरला चालत नाही, माझ्या मते तरी पिल्सनर (फिकट रंगाची लागर) प्यायची सवय असलेल्याला ती ओळखीची वाटणार नाही. पण मे महिन्यात गराजमध्ये बादली ठेवून विसरून जायचं असेल तर दुसरा पर्याय मला माहीत नाही.

तर विनंती एवढीच, पुढच्या वेळी आंबवायच्या कुठल्याही पदार्थाची कृती छापाल तेव्हा रूम टेम्परेचरच्या जागी सेल्सिअसमध्ये आकडा छापा, आणि तो पदार्थाच्या आतला की खोलीचा हेही लिहा.

आपला,
एक वाचक, ह्यूस्टन (टेक्सास)