बिअर, पाण्याचं माप आणि चकणा

चि. निखिल,
अनेक आशीर्वाद.

डायलिसिस सुरू असताना बिअर चालेल का, हे आधी विचारलंस ते बरं केलंस. शेवटचा शब्द तुझ्या नेफ्रॉलॉजिस्टचा. त्यांनी नाही म्हटलं तर पुढचं वाचूच नकोस.

तुला धास्ती पोटॅशियमची. पण साध्या बिअरच्या ३३० मिलीमध्ये पोटॅशियम १०० मिलिग्रॅमच्या आत आणि फॉस्फरस ५० च्या आसपास असतं. एका मध्यम केळ्यातच पोटॅशियम ४०० च्या वर जातं. घोडं अडतं ते पाण्यापाशी. तुला दिवसाला एक लिटरची मुभा आहे, म्हणजे एका कॅनमध्ये तिसरा हिस्सा संपला. तेव्हा त्या दिवशी सकाळपासूनच हात आखडता ठेव: चहा अर्धा कप, गोळ्या दोन घोटांत, सूप नाही. बर्फही पाण्यातच धरायचा. बिअरने लघवी होऊन पाणी निघून जातं म्हणतात, पण तो हिशेब मूत्रपिंडं धडधाकट असलेल्यांचा. तुझ्या अंगात ते तसंच साठतं आणि पुढच्या डायलिसिसच्या वेळी वजनकाट्यावर दिसतं, लिटरला एक किलो. मग मशीनला जास्त पाणी ओढावं लागतं, बीपी पडतं, पायात गोळे येतात.

खरा घात चकणा करतो. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम चिप्समध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या घरात पोटॅशियम जातं, बिअरच्या तिप्पट-चौपट. खारे दाणे घेतलेस तर फॉस्फरसही शंभरावर. शिवाय मिठाने तहान लागते, आणि ती एका कॅनवर भागत नाही! सलाइनच्या एका लिटरमध्ये ९ ग्रॅम मीठ असतं. म्हणजे तेवढं मीठ अंगात साधारण लिटरभर पाणी धरून ठेवतं, असा अंदाज घे. बिअरसोबत काकडीचे काप, बिनमिठाचे पॉपकॉर्न घे, किंवा सरळ जेवण घे आणि जेवणासोबतचा बाइंडर, म्हणजे अन्नातलं फॉस्फरस अडवणारी गोळी, चुकवू नकोस.

माप मात्र नीट बघ. ५ टक्क्यांच्या ३३० मिलीत अल्कोहोल साधारण १३ ग्रॅम. ८ टक्क्यांच्या 'स्ट्राँग'ची ६५० मिलीची बाटली घेतलीस तर ४१ ग्रॅम. म्हणायला एकच बाटली, प्रत्यक्षात तीन कॅन. ग्लासातून मिळणारी बिअर किती मिली हे विचारूनच घे.

डायलिसिसच्या संध्याकाळी नको. तेव्हा बीपी आधीच उतरलेलं असतं, उठताना चक्कर येते. आठवड्यात दोन डायलिसिसच्या मध्ये दोन दिवसांचा लांब खंड पडतो, त्यातही नको, पाणी तेव्हाच सगळ्यात जास्त साठतं. उपाशीपोटी तर कधीच नाही. तुला इन्सुलिन आहे: दारूमुळे यकृत साखर सोडायला कुचराई करतं, आणि तुझ्या शरीरातून इन्सुलिनही उशिरा निघतं. रात्री साखर उतरली तर घाम, थरथर, बरळणं. बघणाऱ्याला वाटेल चढलीय. झोपण्याआधी साखर तपास आणि सोबतच्या एकाला तरी हे आधी सांगून ठेव. दुसऱ्या दिवशी डोकं दुखलं तर आयब्युप्रोफेन घेऊ नकोस, थोडीफार लघवी होते तीही त्याने घटेल.

बिनअल्कोहोलची बिअर घेतलीस तरी पाण्याचा हिशेब तोच, आणि काहींत साखर जास्त असते. लेबल वाच.

तुझी,
आई