हाइट अ‍ॅडजस्टेबल म्हणून विकलेला मॉनिटर वर-खाली होतच नाही

प्रति,
ग्रिव्हन्स ऑफिसर / कस्टमर केअर विभाग

विषय: २४ इंची मॉनिटरचा स्टँड बदलून मिळणे किंवा पूर्ण रिफंड मिळणेबाबत

नमस्कार,

मी बोरिवलीला राहते, घरूनच दुकानदारांचे अकाउंट्स आणि जीएसटी रिटर्न्स भरते. तुमचा २४ इंची मॉनिटर मी ऑनलाइन घेतला तो फक्त एका कारणासाठी, लिस्टिंगवर मोठ्या अक्षरात 'हाइट अ‍ॅडजस्टेबल अर्गोनॉमिक स्टँड' लिहिलं होतं आणि फोटोत वर-खाली बाण दाखवले होते. साधा स्टँडवाला मॉनिटर याच्यापेक्षा बराच स्वस्त मिळत होता, तो सोडून हा घेतला. बॉक्स उघडला तर स्टँडची दांडी एकसंध, ना स्लायडर, ना बटण, ना खाचा. आतल्या मॅन्युअलमध्येही फक्त टिल्ट लिहिलंय, उणे ५ ते २० अंश, हाइटचा उल्लेखच नाही. म्हणजे तुमच्याच मॅन्युअलला जे माहीत आहे ते तुमच्या लिस्टिंगला माहीत नाही.

रिटर्नची मुदत चालू असतानाच तक्रार टाकली. फोनवरचा मुलगा नम्रपणे बोलला, त्याच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, पण त्याला जे सांगायला लावलं होतं ते चुकीचं होतं. म्हणाला मॅडम, टिल्ट करून घ्या, तीच अ‍ॅडजस्टमेंट आहे. अहो टिल्ट केल्यावर स्क्रीन कलते, उंची बदलत नाही. पूर्ण २० अंश मागे झुकवली तरी वरची कड जेमतेम एक सेंटीमीटर खाली येते, वरून ट्यूबलाइटचं प्रतिबिंब बरोबर स्क्रीनवर येतं आणि एक्सेलचे आकडे दिसेनासे होतात ते वेगळंच.

मग म्हणाला खुर्ची वर-खाली करा. यावर मला जरा सविस्तर लिहायचंय, कारण हे उत्तर तुम्ही बाकीच्या लोकांनाही देत असणार. खुर्चीची उंची स्क्रीन बघून ठरवायची नसते, ती ठरते पाय जमिनीला नीट टेकतात का आणि कीबोर्डवर हात ठेवल्यावर खांदे सैल राहतात का यावरून. मी खुर्ची वर घेतली तर माझे पाय लोंबकळतात, माझ्या मुलाने खाली घेतली तर त्याचे खांदे कानाला लागतात. टेबल हलत नाही, खुर्ची हलवता येत नाही, म्हणून तर स्क्रीन हलायला हवी ना!

आमच्या घरात टेबल एकच, हॉलमध्ये भिंतीला लावलेलं. दिवसा मी बसते, संध्याकाळी मुलगा, तो इंजिनिअरिंगला आहे. मी टेप घेऊन मोजलं, तुमच्या स्क्रीनची वरची कड टेबलापासून ४२ सेंटीमीटरवर येते. मी बसले की माझे डोळे टेबलापासून ४१ वर आणि मुलगा सहा फूट उंच असल्यामुळे त्याचे ५३ वर. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा थोडी खाली हवी आणि स्क्रीनचा मध्य साधारण १५ ते २० अंश खाली, हे मी मनाने सांगत नाहीये, अमेरिकेच्या ओशा या कामगार सुरक्षा संस्थेच्या माहितीत लिहिलंय. त्यात माझा चष्मा प्रोग्रेसिव्ह. जवळचं वाचायचा भाग काचेत खाली असतो, त्यामुळे स्क्रीन जरा जरी वर असली की हनुवटी वर करून बघावं लागतं, म्हणून मला ती आत्ता आहे त्याच्यापेक्षाही खाली हवी. आणि मुलाला अकरा सेंटीमीटर वर. एका स्टँडवर हे जमवायचं म्हणूनच हाइट अ‍ॅडजस्टवाला मॉनिटर शोधला होता.

आत्ता काय करतोय ते सांगते. ए-फोर कागदाची न फोडलेली रीम साधारण पाच सेंटीमीटर जाड असते, तशा एकावर एक दोन, आणि शेजारी परत दोन, कारण तुमच्या स्टँडचे पाय व्ही आकाराचे आहेत आणि एका रीमच्या रुंदीत मावत नाहीत, पुढचं टोक बाहेर लटकतं. संध्याकाळी मुलगा दोन्ही हातांनी मॉनिटर उचलतो, मी खालून रीम सरकवते, एचडीएमआयची वायर ताणली जाते, रीमच्या गुळगुळीत कागदावर स्टँडचे रबर घसरतात. सकाळी परत उलटं. महिन्याच्या ११ तारखेला जीएसटीआर-१ आणि २० ला ३बी या रिटर्न्सची मुदत असते, त्या आठवड्यात मी रात्री उशिरापर्यंत बसते आणि रीम काढायचा कंटाळा केला तर दुसऱ्या दिवशी मान वळवता येत नाही. फिजिओकडे गेले तर तिने पहिलं हेच विचारलं की स्क्रीन कुठे ठेवता.

वेगळा मॉनिटर आर्म, म्हणजे स्क्रीन धरून वर-खाली होणारा दांडा, लावू म्हणून लॅमिंग्टन रोडला चौकशी केली. दुकानदाराने मागच्या बाजूचा फोटो बघूनच सांगितलं की ताई याला वेसाचे, म्हणजे आर्म स्क्रूने बसवायचे, चार होल नाहीत, ना ७५ मिलिमीटर अंतराचे ना १०० च्या, यावर आर्म बसणारच नाही. म्हणजे तुमचा स्टँड हलत नाही आणि दुसरा लावायची सोयही तुम्ही ठेवलेली नाही.

एवढं सगळं ईमेलवर फोटोंसकट पाठवलं तर 'प्रॉडक्टमध्ये दोष आढळला नाही' असं लिहून तक्रारीचं तिकीट बंद केलं. दोष आहे असं मी म्हटलंच नव्हतं. डिस्प्ले छान आहे, रंग छान आहेत. जे विकलं ते दिलं नाही, ही तक्रार आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये वस्तूचं खोटं वर्णन करणारी जाहिरात दिशाभूल करणारी धरली जाते, आणि २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे ग्रिव्हन्स ऑफिसरने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची असते आणि महिन्याभरात निवारण करायचं असतं. तुमच्याकडून काही झालं नाही तर मी १९१५ वर नॅशनल कन्झ्युमर हेल्पलाइनला तक्रार टाकणार आहे, आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोगात, आता ग्राहक राहतो तिथल्या आयोगात केस करता येते, त्यामुळे मला बोरिवलीहून कुठे लांब जायची गरज नाही.

माझी मागणी साधी आहे. याच मॉनिटरला बसणारा, खरोखर वर-खाली होणारा स्टँड तुमच्याकडे असेल तर तो पाठवा, निदान १२ सेंटीमीटर तरी हलणारा हवा, आणि सगळ्यात खालच्या पोझिशनला आत्ताच्यापेक्षा खाली जाणारा. नसेल तर मॉनिटर परत न्या आणि डिलिव्हरी चार्जसकट पूर्ण पैसे परत करा. कूपन किंवा वॉलेटमध्ये क्रेडिट नको. आणि दोन्हीपैकी काहीही करा पण ते लिस्टिंग आधी बदला, आजही तिथे तेच बाण दिसतायत आणि खाली लोक विचारतायत की आई-वडिलांसाठी घेऊ का.

बिल, लिस्टिंगचे स्क्रीनशॉट, मॅन्युअलच्या पानाचा फोटो आणि टेप लावून काढलेले फोटो सोबत जोडलेत. बॉक्स आणि थर्माकोल ठेवलंय. पिकअपचा माणूस सकाळी अकराच्या आत पाठवा, आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही, तिसरा मजला आहे, हे त्याला आधी सांगून ठेवा.

आपली,
एक ग्राहक, बोरिवली, मुंबई